शेवंतीची चिठ्ठी

चेंदणी कोळीवाड्यातल्या दामाजीने आयुष्यात तीस-चाळीस खून केले. विष घालून केले, उशी दाबून केले, एक तर बर्फाचा सुरा करून केला. काम झाल्यावर सुरा वितळून गेला आणि पोलीस ओल्या सतरंजीकडे बघत बसले. आणि हा खुनी इसम घरात नांग्या उगारलेली जिवंत चिंबोरी सुटली की पाय वर घेऊन खाटेवर बसायचा. कोळ्याच्या पोटी जन्माला येऊन चिंबोरीला भिणारा मुलगा पाहून बापाने लवकरच हात टेकले. "याला होडीत घेतला तर मासं हसूनच मरतील," तो म्हणायचा, "जाल्याची गरजच नाय."

म्हणून दामाजी शाळेत गेला, मॅट्रिक झाला आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून चिकटला. कोण कधी आला, कोण कधी सटकला आणि कोण मित्राचं कार्ड गुपचूप पंच करतोय, हे बघणं हा त्याचा धंदा. रहस्यकथा लिहायला याहून वेगळं शिक्षण लागत नाही. गिरगावातल्या एका प्रकाशकाने त्याची पहिली कादंबरी छापली, पण 'दामाजी कोळी' हे नाव काही त्याला पसंत पडलं नाही. "दामाजी म्हटलं की लोक हात जोडतील हो, घाबरणार कसे?" असं म्हणून त्याने परस्पर 'डी. ठाणेकर' करून टाकलं. पुस्तकावर पिस्तूलवाल्या बाईचं चित्र असायचं. ही बाई पुस्तकात कुठेच नसायची.

"ही कोन?" दामाजीच्या बायकोने, शेवंतीने, पहिलं पुस्तक हातात घेतल्या घेतल्या विचारलं.

"ती फक्त कव्हरवर आहे गं."

"आतमधी नाय?"

"नाही."

"मग बरं," शेवंती म्हणाली आणि पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं.

शेवंती नौपाड्यात मासळी विकायची. सकाळी पाटी घेऊन जायची, दुपार कलल्यावर परत यायची. संध्याकाळी उंबऱ्याशी बसून सुकट निवडायची, आणि दामाजी खाटेवर बसून दिवसभरात सुचलेलं प्रकरण तिला वाचून दाखवायचा. इतर लेखकांच्या बायका अशा वेळी जांभया देतात. शेवंती खुनी पकडायची.

"ह्यो तुमचा मामा हाय ना, चाय नको बोलला त्यो. त्यानीच मारला."

"अगं, अजून खून झालाच नाही!"

"मंग सांगून ठेवते. झाला की आठवन ठेवा."

खून व्हायचा आणि मामानेच केलेला असायचा. तिचं शास्त्र सगळं बाजारातलं होतं. मासळी उलटीपालटी करून कल्ले बघतो, तो घेतो. "ताजी आहे ना?" एवढंच विचारतो, तो भाव ऐकून पुढे जातो. आणि जो फारच गोड बोलतो, त्याची नोट उजेडात धरून बघायची. या तीन नियमांवर तिने डी. ठाणेकरांचा एकेक खलनायक पाटीतल्या बोंबलासारखा शेपटीला धरून वर काढला.

मग दामाजी कागद गोळा करायचा. कोपऱ्यात एक मेज होतं, मेजापुढे स्टूल. भिंतीकडे तोंड आणि घराकडे पाठ करून तो स्टुलावर बसायचा आणि खुनी बदलायचा. नव्या खुन्याला सोयीचा पुरावा, जुन्या खुन्याला सुटकेची वाट. आठवडा आठवडा हे चालायचं. शेवंती जेवायला हाक मारायची, तो "हं" म्हणायचा आणि उठायचा नाही. "नवऱ्याचं तोंड बगायचं झालं तर मना लगनाचा फोटू काढाया लागतो," ती बाजारात सांगायची आणि शेजारच्या कोळणी खिदळायच्या. बदललेलं प्रकरण तो पुन्हा वाचून दाखवायचा. ती पुन्हा पकडायची. एका कादंबरीत तर चार वेळा खुनी बदलून शेवटी शिल्लक राहिला तो तपास करणारा इन्स्पेक्टर. तेव्हा दामाजीने त्यालाच बेड्या घातल्या. वाचक चक्रावून गेले. प्रकाशक म्हणाला, "ठाणेकर, तुमचा खुनी कुणाच्या बापाला सापडत नाही! डोकं कुठून आणता?"

दामाजी गालात हसला. डोकं नौपाड्यात कोलंबी सोलत होतं.

त्याची आयुष्यात एकच इच्छा होती. शेवटचं पान वाचून संपावं आणि शेवंतीच्या हातातली सुकट हातातच राहावी. एकदा, फक्त एकदा तिने म्हणावं, "अगो बाय, ह्यो व्हता?"

आता पुरस्काराचं सांगतो. आपल्याकडे कवितेला पुरस्कार आहेत, कथेला आहेत, प्रवासवर्णनाला आहेत. चार दिवस कुठे जाऊन आलं तरी माणूस शाल घेऊन परत येतो. खुनाला मात्र कुणी शाल घालत नाही. ठाण्यातले एक प्राध्यापक डी. ठाणेकरांचं एकही पुस्तक सोडत नसत, पण वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचत. अशा काळात डोंबिवलीच्या कुंडलिक सरांनी रहस्यकथेसाठी पुरस्कार काढला.

सर गणिताचे निवृत्त शिक्षक. स्टेशनाजवळच्या गल्लीत त्यांचं वाचनालय होतं. डोंबिवलीकरांना पुस्तकं वाचण्याची भारी हौस, आणि वाचून झाल्यावर पहिल्याच पानावर पेन्सिलीने 'खुनी : माळी' असं लिहून ठेवण्याची त्याहून भारी. सर रोज रात्री खोडरबर घेऊन बसत. शेवटी वैतागून त्यांनी मार्ग काढला. नवी रहस्यकथा आली की शेवटचं प्रकरण ते सुईदोऱ्याने शिवून टाकत. सभासदाने तिथपर्यंत वाचायचं, खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पेटीत टाकायची. मग सर कात्रीने दोरा कापून देत. दुसऱ्याच्या हाती पुस्तक देताना पुन्हा शिवत. नुसतं नाव लिहून भागत नसे. कशावरून ओळखला, तेही लिहायचं. "नुसतं उत्तर नको," सर म्हणत, "रीत दाखवा. रीत चुकली तर भोपळा."

बरोबर ओळखणाऱ्याला वर्षअखेरीच्या समारंभात नारळ. आणि ज्या पुस्तकाचा खुनी एकाही चिठ्ठीत रीतसर सापडला नाही, त्याच्या लेखकाला चांदीच्या मुलाम्याची ढाल.

अठ्ठ्याऐंशी साली सरांनी ढाल करून घेतली. त्या वर्षी ती कुणालाच मिळाली नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. डोंबिवलीत कुणी ना कुणी रीत दाखवायचाच. नारळ वाटून वाटून सर थकले, ढाल कपाटावर काळी पडत चालली, पण नियम काही ढिला झाला नाही. दामाजी त्या वाचनालयाचा सभासद होता. पुस्तक बदलायला ठाण्याहून डोंबिवलीला जायचा तो खरं तर ढालीकडे बघायला.

एक्क्याण्णव साली 'कळव्याचा पाहुणा' लिहायला घेतली आणि शेवंती आजारी पडली. पोटात दुखतं म्हणाली, मग अन्न जाईना. इस्पितळात ठेवली. डॉक्टर दामाजीला बाजूला घेऊन बोलले. डॉक्टर बाजूला घेतात तेव्हा काय बोलतात, हे सांगायला रहस्यकथाकार लागत नाही.

दामाजीने कारखान्यातून रजा काढली. औषधं आणली, फळं आणली, डॉक्टरांच्या मागे फिरला, रक्ताच्या तपासण्यांचे कागद आणले. धावपळीत कसूर केली नाही. आणि उरलेल्या वेळात खोलीच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून कादंबरी लिहिली. खोलीत त्याला बसवत नसे. तिचे हात इतके बारीक झाले होते की तो "आलोच हं" म्हणायचा आणि बाहेर यायचा. लिहून झालं की आत जायचा आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहून वाचून दाखवायचा. शेवंतीची धाकटी बहीण नंदा तेव्हा तिच्या उशाशी बसलेली असायची. नंदाही नौपाड्यातच मासळी विकायची. पाटी लवकर आटोपून रोज यायची.

कादंबरी अशी : कळव्यातला एक म्हातारा आजारी असतो. घरात नर्स असते, भाडेकरू असतो, धाकटा भाऊ सुधीर असतो आणि नको त्या वेळी आलेला एक पाहुणा असतो. म्हाताऱ्यावर विषप्रयोग होतो. सगळ्यांचा संशय पाहुण्यावर.

"बोल शेवंते, कोण?"

शेवंतीने डोळे मिटले. 

"नाय कलत हो या वेलेला," ती म्हणाली. "पावना असंल."

 दामाजीने शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. खुनी निघाला धाकटा भाऊ, सुधीर.

"अगो बाय!" शेवंती म्हणाली. "सुदीर व्हता? हरले मी. जितलात तुमी."

दामाजी त्या खोलीत अक्षरशः नाचला. खाली जाऊन पेढे आणले, अख्ख्या वॉर्डात वाटले. नर्सने विचारलं, "काय, नातू झाला का?" तो म्हणाला, "सापडला नाही! खुनी सापडला नाही!" नर्सने पेढा तोंडात टाकायचा की नाही याचा विचार केला.

दुसऱ्याच दिवसापासून तो बाहेरच्या बाकावर पक्की प्रत करायला बसला. प्रत गिरगावात पोचवली. प्रकाशकाने घाईने छापायला घेतली. शेवंती गेली त्या दुपारी दामाजी दाराबाहेरच्या बाकावर प्रुफं तपासत होता. नंदाची हाक आली तेव्हा त्याच्या बोटांना लाल शाई लागलेली होती.

त्यानंतरचं वर्ष त्याने कसं काढलं ते कोळीवाड्यात कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मेजावर धूळ बसली. एकच गोष्ट त्याला धरून होती : शेवटी एकदा का होईना, आपण तिला हरवलं. चहाच्या टपरीवर कुणी भेटलं की तो दुसरं काही न बोलता तेवढंच सांगायचा. "एवढी हुशार बाई, पण शेवटचा खुनी नाही सापडला तिला." सांगताना त्याचे डोळे भरायचे आणि चेहरा हसायचा, समोरच्याला कोणत्या बाजूला बघावं कळायचं नाही.

आणि डोंबिवलीहून निरोप आला. 'कळव्याचा पाहुणा'चा खुनी एकाही सभासदाला रीतसर सापडला नाही. ढाल डी. ठाणेकरांना.

रविवारी दुपारी समारंभ होता. दामाजीने इस्त्रीचा सदरा घातला. नंदा म्हणाली, "बायच्या वाटंची मी येते." थोरल्या बहिणीला ती बाय म्हणायची. अंबाड्यात अबोलीचा गजरा, अंगावर हिरवं लुगडं, गळ्यात सोन्याची माळ. अशी ती पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि डोंबिवलीची निम्मी सभा स्टेजकडे न बघता तिच्याकडे बघत राहिली. अजून कुणी बोलायला उठलं नव्हतं, तरी ती टाळ्या वाजवत होती.

वाचनालयाचे चिटणीस आनंदराव बोलले. मग कुंडलिक सर उठले. ढाल रांगोळीने घासूनपुसून लख्ख केली होती.

"चार वर्षांत प्रथमच असं घडतं आहे," सर म्हणाले. "या कादंबरीचा खुनी कोणालाही, मी पुन्हा सांगतो, एकाही माणसाला ओळखता आलेला नाही—"

"कोन बोलतं?" पहिल्या रांगेतून आवाज आला. बाजारात गिऱ्हाइकाला पलीकडच्या फुटपाथवरून परत बोलावणारा आवाज होता तो. त्याला माइक लागत नाही. "आमच्या बायनी वलखला व्हता!"

सभा हसली. सर थांबले. दामाजीही हसला, मग त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"नंदा, बस खाली. तिने पाहुणा सांगितला होता."

"तुमाला सांगितला पावना. मना सांगितला सुदीर. खून व्हायच्या आदीच." नंदाने सभेकडे वळून ठणकावलं. "माझी भन वारली म्हनून कोनाला वलखला नाय असं कसं बोलता? लिवा तुमच्या कागदावर."

दामाजी स्टेजवर खुर्चीत होता. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"बाई," कुंडलिक सर चष्मा पुढे सरकवत म्हणाले. चाळीस वर्षांची सवय अशी जात नाही. "नाव बरोबर आहे. पण कशावरून ओळखला? रीत?"

नंदाने क्षणभर आठवलं. मग तिचा आवाज खाली आला, तिच्याही नकळत.

"बाय बोलली, ह्यो सुदीर सगला करतो. औशद आनतो, डाक्तरला आनतो, फला आनतो. पन एकदा पन म्हाताऱ्याच्या उशाशी टेकत नाय. सारखा दाराशी उबा, आलोच बोलतो आनि जातो. आजाऱ्याच्या डोल्याला डोला देत नाय त्यो. त्याच्याच मनात काय तरी हाय."

 सरांनी टेबलावरची प्रत उघडली. पानं चाळली. नवव्या पानावर थांबले, मग एकविसाव्या, मग पुढे. प्रत्येक ठिकाणी सुधीर दाराशी उभा होता. दामाजीने ते ठरवून लिहिलेलं नव्हतं. सुधीरला कुठे तरी उभं करायला हवं होतं, म्हणून त्याने दाराशी केलं होतं.

"रीत बरोबर आहे," सर हळूच म्हणाले.

"सर, मुदत संपली हो," आनंदराव कुजबुजले. "आणि त्या सभासद कुठे होत्या?"

दामाजी उठला. टेबलावरचा कोरा कागद त्याने घेतला. "वाचनालयाचं कार्ड घराला एकच असतं," तो म्हणाला. "आमचं आहे." त्याने लिहिलं : खुनी सुधीर. कारण लिहिताना त्याची लेखणी अडली. तीस-चाळीस खुनांची कारणं लिहिलेला माणूस, एवढी एक ओळ त्याला लिहिता येईना. शेवटी लिहिली. खाली 'शेवंती, चेंदणी' असं लिहून चिठ्ठी पेटीत टाकली.

सरांनी ढालीकडे पाहिलं. चार वर्षांची ढाल, आज सकाळी त्यांनी स्वतः घासलेली.

"ठाणेकर, तुम्ही म्हणाल तर मी ही चिठ्ठी पाहिलीच नाही."

"बघा सर," दामाजी म्हणाला. "तिने ओळखला होता."

सरांनी चिठ्ठी काढली, वाचली, तिच्यावर बरोबरची खूण केली. मग माइकजवळ आले. "याही वर्षी पुरस्कार कोणालाच नाही. अचूक उत्तराचा नारळ, सौभाग्यवती..." ते अडखळले. "शेवंतीबाई. त्यांच्या वतीने त्यांच्या यजमानांनी स्वीकारावा."

टाळ्या वाजवाव्यात की नाहीत, हे लोकांना ठरवता आलं नाही. नंदाने एकटीने वाजवल्या.

दोघांनी परतीची गाडी धरली. ठाण्याला उतरून कोळीवाड्याच्या वाटेला लागल्यावर, बंदराकडून ओल्या जाळ्यांचा वास यायला लागला तिथे, दामाजी थांबला.

"नंदा, मला का नाही सांगितलं तिने?"

नंदा गजऱ्याशी चाळा करत राहिली.

"बोल ना गं. आजवर कधी सोडलं नव्हतं तिने मला."

"मी पन तिला तेच विचारलं," नंदा म्हणाली. "बोलली, त्यांना सांगितला का ते परत लिवाया बसतील. आठ-पंदरा दिस भिताडाकडं तोंड करून. बोलली, माज्याकडं तेवढं दिस हायत का नाय, मना म्हायती नाय. हरले बोलते. बुक संपलं का येतील, माज्याजवल बसतील."

दामाजीच्या हातात नारळ होता. तो त्याने या हातातून त्या हातात घेतला.

"तुमी पेढं वाटलं तवा हसली व्हती ती," नंदा म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. "भावजी, मी आपली बोलून गेले. तुमाला काय कमी धावाया लागला? सगला तुमीच तर केला."

"हो," दामाजी म्हणाला. "सगळं केलं."

घरी आल्यावर नंदाने दिवा लावला. नारळ मागितला, "फोडते, कालवणाला वाटन करते. तुमी काय खाल्लं नाय सकालपासून."

"राहू दे. तिचा आहे."

शेवंतीची खाट अजून खिडकीखाली होती. वर्षभर त्या खाटेवर घड्या घातलेल्या चादरी पडून असायच्या. दामाजीने चादरी उचलून बाजूला ठेवल्या. नारळ उशीच्या जागी ठेवला. मग तो मेजाकडे गेला. नंदाला वाटलं, आता हा माणूस लिहायला बसतो की काय. त्याने मेजापुढचं स्टूल उचललं, खाटेच्या उशाशी आणून ठेवलं आणि भिंतीकडे पाठ करून बसला.

नंदा दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला, चपला शोधल्या आणि दार ओढून घेतलं.